उचल आणि लेकरू

भाताची झोडणी आटोपली की मासवणच्या आसपास, सूर्या नदीच्या काठचे कित्येक पाडे रिकामे होऊ लागतात. वीटभट्टीच्या मालकाचा माणूस पावसाळ्यातच उचल देऊन गेलेला असतो. ती फेडावयास नवराबायको वसई-भिवंडीकडे जातात. मुले म्हाताऱ्या आजीपाशी राहतात, नाही तर भट्टीवर विटा उलटू लागतात. आजच्या पाठात या मुलांचा विचार करावयाचा आहे.

कर्जापायी माणूस अडकणे या भागास नवे नाही. लग्नासाठी पैसे घेणारा वारली सावकाराचा ‘लग्नगडी’ होई, व त्याची बायकोही त्याच वाड्यात राबे. १९४५ साली गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने वारली याविरुद्ध उठले. पुढे १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी सर्व देशात बंद झाली. त्यातले एक कलम मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. ते असे की, वेठबिगारीचे कर्ज फेडावेच लागत नाही. कायद्यानेच ते रद्द ठरते. तेव्हा “पैसे फिटेपर्यंत पोर राहू दे” असे जो म्हणतो, त्याचा हक्क काडीचाही नाही.

तरीही २०२२ साली इगतपुरी तालुक्यात काय दिसले? थोडे पैसे व एखादी मेंढी यांच्या मोबदल्यात कातकरी मुले मेंढपाळांकडे राबावयास दिलेली होती. दहा वर्षांची एक मुलगी मरणोन्मुख अवस्थेत घरापाशी आणून टाकली, तेव्हा हे उघड झाले. ती वाचली नाही. तिच्यासारख्यांच्या आईबापांस निर्दय म्हणणारे पुष्कळ भेटतात; आम्ही त्यांच्यात नाही. श्रावणात ज्या घरी चूल पेटत नाही, तेथे मुलाला दोन वेळ जेवू घालीन म्हणणारा मनुष्य उपकारकर्ताच वाटतो. (शहरातले काही सुशिक्षितही “शिकवू” म्हणून मुलगी नेतात आणि भांडी घासावयास लावतात. त्यांना काय म्हणावे?)

असे मूल आढळल्यास १०९८ या क्रमांकावर कळवावे. ही सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली. सापडलेले मूल प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. दया आली म्हणून कोणी परस्पर घरी ठेवून घेऊ नये.

अत्याचाराची गोष्ट याहून नाजूक आहे. पंचांनी पैसे घेऊन ती घरातल्या घरात मिटविणे हे पाप तर आहेच, परंतु २०१२ च्या कायद्याने माहिती असून गप्प राहणाराही शिक्षेस पात्र आहे. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तेथे, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, गणवेशावाचून घ्यावयाचा असतो. तिला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मंडळीनेही तिला पुनःपुन्हा खोदून विचारू नये, व तिचे नाव प्रार्थनेतसुद्धा उच्चारू नये.

दिवाळीपूर्वी प्रत्येक पाड्यावर कोणाचे मूल कोणापाशी राहणार याची यादी करावी, आणि हंगामी वसतिगृहाची सोय होईल काय हे मुख्याध्यापकांस विचारावे. आजीपाशी राहणाऱ्या मुलांच्या घरी शिधापत्रिका मागे ठेवली आहे की भट्टीवर गेली, हेही अवश्य पाहावे.