पहिली फेरी आवरा

धावण्याच्या शर्यतीवरून नोकरी-धंद्याचे धडे देणारी भाषणं मी खूप ऐकली. त्यांत असतात ते फक्त शेवटचे शंभर मीटर: जीव तोडून पळा, हार मानू नका. वसईत पहाटे पळताना पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांबरोबर माझी बरीच वर्षं गेली. शेवटच्या शंभर मीटरांत हरलेली मुलं मी फार थोडी पाहिली. बहुतेकांची शर्यत पहिल्या फेरीतच हातची जाते, कळतं मात्र उशिरा.

मुलांना भरतीत 1600 मीटर पळायचं असतं, म्हणजे 400 च्या 4 फेऱ्या. 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत आलं तर 20 पैकी 20 गुण. फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद पडतात. आमच्यातला एक मुलगा पहिली फेरी 68 सेकंदांत मारायचा. सगळ्यांच्या पुढे, कडेला उभी असलेली पोरं ओरडतायत. दुसरी 76. तिसऱ्या फेरीत खांदे कानांपर्यंत चढलेले, मुठी आवळलेल्या, मान मागे पडलेली, आणि घड्याळात 90. चौथीत तो स्वतःला नुसता ओढत आणायचा. एकूण 5 मिनिटं 26 सेकंद. ‘पहिली 79 मध्ये मार’ म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा. ‘काका, सगळे पुढे जातात ना!’ पुढे गेलेल्यांची पाठ पाहत शांतपणे पळणं, हेच त्याला शिकायचं होतं. पाय तर तयारच होते. शेवटी त्याने 79, 78, 77, 74 अशा फेऱ्या मारल्या. 5 मिनिटं 8 सेकंद.

मोठ्या शर्यतींतही हेच दिसतं. केल्विन किप्टमने 2023 मध्ये शिकागोला 2 तास 35 सेकंदांचा मॅरेथॉनचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचा पहिला अर्धा भाग 60 मिनिटं 48 सेकंदांचा होता आणि दुसरा 59 मिनिटं 47 सेकंदांचा.

नोकरी सांभाळून खात्यांतर्गत परीक्षा द्यायची ठरवली तेव्हा मी हाच नियम अभ्यासाला लावला. विरार लोकलमध्ये हात वर काढायला जागा मिळाली तरी नशीब, पुस्तक कुठलं उघडणार? म्हणून प्रवासातला वेळ हिशेबात धरलाच नाही. पहाटे पाऊण तास, बस्स. सुरुवातीच्या उत्साहात आणखी वाचावंसं वाटायचं, तरी पुस्तक मिटायचो. माझ्याबरोबर परीक्षेला बसलेले काही जण पहिल्या आठवड्यात रात्री एकपर्यंत जागत होते; महिन्याभराने त्यांची पुस्तकं कपाटात गेली. तुमचं उद्दिष्ट कर्ज फेडण्याचं असो, वजन उतरवण्याचं असो की बढतीचं, पहिल्या पंधरवड्यात जेवढं झेपतं असं वाटतं त्याहून थोडं कमीच ठरवा. आजारपण, पाहुणे, मार्च अखेर हे सगळं वाटेत यायचंच असतं.

सुधारणेला वेळ किती लागतो, तेही आधी समजून घ्या. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 2018 मध्ये 3000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटं 29.80 सेकंदांत धावला, तेव्हा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याने 8 मिनिटं 9.91 सेकंदांची वेळ दिली. सहा वर्षांत वीस सेकंद, तेही थोडे थोडे करून. मधे 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचं सुवर्ण 0.05 सेकंदाने गेलं. त्या रौप्यपदकाचं मोल मला फार वाटतं, कारण या शर्यतीतली तिन्ही पदकं 1998 पासून केनियाचेच धावपटू नेत होते.

आता दुखण्याबद्दल. हे नीट वाचा. दुसऱ्या एका मुलाची नडगी दुखत होती, पण भरतीची जाहिरात निघालेली, म्हणून तो कुणाला बोलला नाही. गोळ्या घेऊन डांबरी रस्त्यावर पळत राहिला. लंगडायला लागला तेव्हा मी नडगीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं. एका ठिकाणी, बोटाच्या पेराएवढ्या जागेवर, तो कळवळला. एक्स-रेत काहीच दिसलं नाही. एमआरआयमध्ये हाडाला तडा निघाला. ती भरती गेली. पळायला लागल्यावर सैल होत जाणारं दुखणं बहुधा स्नायूंचं असतं. पळताना वाढणारं, एकाच बिंदूवर दुखणारं असेल तर त्याच दिवशी थांबा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ आला तरी अशा तड्याची शंका फिटत नाही. कचेरीतही मागे पडलेलं काम साहेबांपासून असंच लपवलं जातं, आणि सांगायची वेळ येते तेव्हा मुदत संपलेली असते.

हलके दिवस वगळू नका. ओहोटीला भुईगावच्या ओल्या, घट्ट वाळूत गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने पळायचं, हा आमच्या तयारीचा भागच आहे. व्यायामाने झिजलेलं शरीर भरून येतं ते अशा दिवसांत आणि झोपेत.

वसई-विरारची महापालिकेची मॅरेथॉन 2011 पासून सुरू झाली, आणि ती जवळ आली की रस्त्यांवर शेवटच्या आठवड्यात लांब पल्ले मारणारे दिसू लागतात. त्या आठवड्यात कमावता काही येत नाही, घालवता मात्र येतं. शेवटचे दोन आठवडे अंतर कमी करत न्या. नवे बूट नकोत, नवं खाणं नको. परीक्षेलाही हेच लागू: नवा धडा उघडू नका, झालेलं चाळा. आणि घरच्यांनी त्या दिवसांत मुलाला ‘किती वेळ लागला?’ विचारू नये, लग्नकार्याला ओढू नये, रात्री साडेनऊला घरातला टीव्ही बंद करावा.