अजून थंड आहे

लाँगपीला मी रविवारी पोचले. पुढच्या सगळ्या चुकांची सुरुवात तिथून झाली.

मणिपूरच्या उखरूल जिल्ह्यातलं हे तांगखुल नागांचं गाव काळ्या दगडी भांड्यांसाठी ओळखलं जातं. आता ही भांडी आपल्याकडच्या हस्तकला प्रदर्शनांतही दिसतात. दिल्लीत एकदा हातात घेतलेली हंडी डोक्यातून जाईना, म्हणून २०२२च्या नोव्हेंबरमध्ये थेट गावच गाठायचं ठरवलं. इंफाळ ते उखरूल ऐंशीएक किलोमीटर, पुढे लाँगपीपर्यंत आणखी तीसेक. मी मनातल्या मनात पुणे-सातारा हिशेब केला. डोंगरातल्या त्या रस्त्याने तो पहिल्या दोन तासांत खोटा ठरवला. त्यात नोव्हेंबरात तिकडे संध्याकाळी साडेचारलाच सूर्य मावळतो, हे मी धरलंच नव्हतं. तेव्हा पहाटे निघा, आणि मुक्काम उखरूलला नाहीतर गावातच ओळखीने ठरवून ठेवा.

रविवारी सुट्टी म्हणजे मंडळी घरी भेटतील, हा माझा आणखी एक हिशेब. मिशनरी विल्यम पेटिग्र्यू १८९६ साली उखरूलला आले. आज तिथले बहुतेक लोक ख्रिस्ती आहेत आणि रविवार चर्चचा. त्या दिवशी कामाला कुणी हात लावत नाही. मीही तो दिवस बंद दारं आणि लांबून येणारं समूहगान ऐकण्यात घालवला. गाणं सुरेख होतं, पण माझ्या तीन दिवसांतला एक दिवस गेला.

सोमवारी ज्यांच्या अंगणात बसले, त्या आजोबांना कुंभार म्हणताना मी आता अडखळते. आपल्याकडे कुंभार म्हटलं की जातही आली आणि चाकही आलं. इथे दोन्ही नाही. शेती सांभाळून भांडी करणारं ते घर. मातीसुद्धा आपल्या ओळखीची नाही. काळा सर्पेंटिनाइट दगड डोंगरातून आणायचा, फोडायचा, कुटून चाळायचा, त्यात झिजलेल्या खडकाची तपकिरी भुकटी मिसळायची. दगड पाच भाग, ही भुकटी तीन भाग, असं प्रमाण सांगतात. गोळा मळून फळीवर थालीपिठासारखा थापायचा, ती पट्टी गोल साच्यात वळवून टोकं जोडायची, खाली बूड लावायचं. बाकी सगळं बोटांचं आणि बांबूच्या पातीचं काम. वाळत आलं की घासून गुळगुळीत करायचं. तासभर पाहिलं, आणि प्रदर्शनात किमतीवरून केलेली घासाघीस आठवून ओशाळायला झालं. इथे भाव करू नका. तुमच्या गाडीभाड्यापुढे त्या हंडीची किंमत काहीच नसते.

मग मी हट्ट धरला. एक वाडगं स्वतःच्या हाताने करीन म्हटलं. त्यांनी हसून गोळा दिला. वाडगं झालं, वाकडंतिकडं पण माझं. दुसऱ्या दिवशी त्यांची भट्टी लागणार होती, मला त्याच दुपारी परतायचं होतं. साहजिकच माझं वाडगंही त्यातच भाजून हवं होतं.

मंगळवारी सकाळी आजोबांनी ते उचललं आणि गालाला लावलं. मान हलवली. काहीतरी बोलले. आमचा ड्रायव्हर उखरूलचाच, तोच दुभाषी. म्हणाला, ‘‘आंटी, बोल रहे हैं, अभी ठंडा है.’’ मला वाटलं, थंड असेल, सकाळची थंडीच आहे ती! भट्टीत गेल्यावर होईल की गरम. ओली माती गालाला गार लागते, आत अजून पाणी आहे, असं त्यांना म्हणायचं होतं. मी म्हटलं, ‘‘फुटलं तर फुटलं, माझंच आहे.’’ पाहुणीला नाही कसं म्हणायचं? ठेवलं त्यांनी, कडेला.

तिथली भट्टी म्हणजे आपल्यासारखा आवाही नाही. उघड्यावर लाकडं रचून पेटवलेला जाळ, पण ताप नऊशे अंशांच्या आसपास जातो. भिंतीत अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. थोड्याच वेळात फटाका वाजावा तसा आवाज झाला. माझं वाडगं फुटलं. त्याचा तुकडा उडून शेजारच्या कढईच्या कानाशी लागला, एक झाकणही गेलं. ‘माझंच आहे’ म्हणताना जाळात दुसऱ्याचीही भांडी आहेत हे सुचलंच नव्हतं.

आजोबांनी काठीने तुकडे बाजूला सारले, बस्स. पुढे लालबुंद हंड्या एकेक करून बाहेर काढल्या आणि माची नावाच्या झाडाच्या पानांनी घासल्या. धूर, चर्र आवाज, आणि राखाडी भांडं डोळ्यांदेखत काळंभोर. हे पाहायला मी दोन हजार किलोमीटरांवरून आले होते आणि बघत होते ती फुटकी कढई. तिचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. ती कढईच विकत द्या म्हटलं, तर फुटकं विकत नाही म्हणाले.

तेव्हा हाताने करून बघायची हौस असेल तर खुशाल करा, पण ते भांडं तिथेच वाळू द्या. कुणाबरोबर मागाहून येईल, नाहीतर राहील त्यांच्या अंगणात. फोटो विचारून काढा. रोख पैसे न्या. बाहेरच्यांना मणिपूरसाठी २०२० पासून इनर लाइन परमिट लागतं, आणि मे २०२३ पासूनचा तिथला वांशिक संघर्ष पाहता, रस्ता चालू आहे का हे स्थानिकांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका.

आणलेल्या दोन हंड्या कपड्यांत गुंडाळून विमानात हातातच ठेवल्या, झाकणं वेगळी, वेताचे कान वर. त्या सुखरूप आल्या. पहिल्यांदा पाणी भरून मंद आचेवर तापवा, असं आजोबांच्या सुनेने बजावलं होतं, तेही केलं. आमटी गॅस बंद केल्यावरही बराच वेळ रटरटत राहते. त्याच नादात एकदा गरम हंडी उतरवून ओल्या ओट्यावर टेकवली. टक्‌ असा बारीक आवाज आला. आता तिच्यात लसूण ठेवते.

दुसरी शाबूत आहे. पुन्हा जायचं आहे, या वेळी आठवडाभर. ड्रायव्हरला फोन केला तर तो म्हणाला, ‘‘आंटी, पहले पूछ लेता हूँ, भट्टी कब लगेगी.’’ त्याच्या फोनची वाट बघते आहे.