दारचा मांडव : डोळा ओळखा, मग कात्री लावा



विहिरीजवळ किंवा घराच्या दारापुढं मांडव घालून वेल चढवण्याची हौस आपल्या बऱ्याच सभासदांना आहे. पण दोन-तीन वर्षांत मांडवावर नुसता गुंता होतो, खालून खोड उघडं पडतं, फूल-फळ मात्र दिसत नाही. याचं कारण खतात नसून छाटणीत असतं.

ऊसवाल्याला हे शास्त्र नवं नाही. अख्खा ऊस सरीत टाकला तर शेंड्याकडचे डोळे आधी फुटतात, बुडाकडचे मागं राहतात. म्हणून आपण दोन किंवा तीन डोळ्यांची टिपरी करतो. वेलीचंही तसंच. शेंडा जोवर वर चालला आहे, तोवर तो खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. शेंडा खुडला किंवा काडी आडवी बांधली, की डोळे जागे होतात.

पहिलं वर्ष वळणाचं. मांडव साडेसहा ते सात फूट उंच, पावसाळी वाऱ्यात भार पेलेल असा भक्कम असावा. रोपाची एकच जोमदार फूट ठेवून ती बांबूला सैल बांधावी. सुतळीची गाठ आठाच्या आकड्यासारखी घालावी, म्हणजे खोडाला काच बसत नाही. बगलफुटी काढत जावं. वेल मांडवाला पोचली की शेंडा खुडावा. मग निघालेल्या फुटींपैकी दोन किंवा चार निवडून चहूकडं आडव्या बांधाव्यात. हे ओलांडे म्हणजे वेलीचा कायमचा सांगाडा होय. दोडका, कारल्यालाही मांडवापर्यंत हाच नियम लावावा.

पुढं पीक पाहून छाटणी. जाई, मधुमालती नव्या फुटीवर फुलतात. जानेवारीच्या सुमारास ओलांडे राखून बाजूच्या काड्या आखूड कराव्यात आणि वाळलेल्या काड्या बुडातून काढाव्यात. उन्हाळ्यापर्यंत नवा पाला येतो.

द्राक्षाचं गणित वेगळं आहे. थंड मुलखात वेल हिवाळ्यात झोपते, तिथं एकच छाटणी पुरते. आपल्याकडं वेल झोपत नाही, म्हणून नाशिक-सांगलीकडचे बागायतदार दोनदा छाटतात. एप्रिलमधल्या खरड छाटणीत काडी एक-दोन डोळ्यांवर आणतात. नंतर येणाऱ्या नव्या काडीच्या डोळ्यात पुढच्या घडाचा गर्भ धरतो आणि त्याला भरपूर ऊन लागतं. ऑक्टोबरमध्ये डोळे तपासून त्याच काडीवर फळछाटणी घेतात. खोडव्याचे बुडखे जमिनीलगत छाटायची आपल्याला सवय आहे. त्याच हातानं ऑक्टोबरात द्राक्षाची काडी बुडापर्यंत खरडली, तर गर्भ धरलेले डोळेच जातात. त्या वर्षी पाला मिळेल, घड मिळणार नाही.

अकोट, अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यांत तिसरीच रीत आहे. तिथं पीक पानाचं. म्हणून वेल उतरवून तिचा खालचा, पानं नसलेला भाग गुंडाळून मातीत पुरतात आणि शेंड्याकडचा भाग पुन्हा आधाराला बांधतात. छाटणी कशी करायची, हे पीक कशाचं घ्यायचं यावर ठरतं.

वऱ्हाडच्या उन्हाचं भान ठेवा. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांकडं जातो, आणि मांडवाची सावली तेव्हाच हवी असते. द्राक्षाची खरड नेमकी त्याच वेळी येते. तेव्हा बसण्या-उठण्याच्या किंवा जनावरांच्या सावलीसाठी द्राक्ष लावू नये, जाई किंवा मधुमालती बरी. या वेलींवर भर उन्हाळ्यात जोराची कात्री चालवू नये. उघडं पडलेलं खोड उन्हानं भाजतं.

कात्री धारदार असावी. काप डोळ्याच्या थोडा वर, तिरपा घ्यावा. जाड कापावर बोर्डो पेस्ट लावावी : १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावे. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं वापरू नये.

थोडक्यात, पहिल्या वर्षी सांगाडा, दुसऱ्या वर्षापासून छाटणी. कात्री उचलण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : या वेलीचं पीक कोणत्या काडीवर येतं? उत्तर ठाऊक नसेल तर एक हंगाम वेलीकडं नीट पाहावं. फूल कुठून निघतं, ते ती स्वतःच दाखवते.