पानिपतच्या शेतातील युरियाची जादा गोणी

पानिपत म्हटले की मराठी वाचकाला १७६१ आठवते. मृदा व कीटकशास्त्राच्या अभ्यासकाला हा जिल्हा वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. यमुनेच्या गाळाने बनलेल्या या सपाट प्रदेशात खरिपात भात व रब्बीत गहू हा क्रम हरितक्रांतीपासून रूढ आहे, आणि नॅशनल फर्टिलायझर्स लिमिटेडचा युरिया कारखानाही १९७९ पासून येथेच आहे. खताची निर्मिती, त्याचा वापर आणि त्याचे हवेत विरून जाणे, हे तिन्ही टप्पे या एकाच जिल्ह्यात पाहावयास मिळतात.

अमोनियासाठी लागणारा हायड्रोजन इंधनापासून मिळविताना कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो व त्याचा काही भाग युरियात बांधला जातो. पानिपतचा कारखाना आरंभी इंधन तेलावर चालत असे. २०१३ मध्ये तो नैसर्गिक वायूवर आणण्यात आला. या बदलामुळे कारखान्याच्या धुराड्यातील उत्सर्जन कमी होते, शेतातील मात्र नाही.

युरियाच्या वजनात २० टक्के कार्बन असतो. जमिनीतील युरिएज या विकरामुळे युरियाचे काही दिवसांतच विघटन होते व हा कार्बन मोकळा होतो. ४५ किलोच्या एका गोणीतून त्यामुळे सुमारे ३३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. याहून मोठा वाटा नायट्रस ऑक्साइडचा आहे. गोणीतील नत्र २०.७ किलो. हवामान बदलावरील आंतरशासकीय समितीच्या सर्वसाधारण गुणांकानुसार दिलेल्या नत्रापैकी सुमारे १ टक्का नत्र या वायूच्या रूपाने निसटते, म्हणजे एका गोणीमागे सुमारे ३२५ ग्रॅम वायू. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट धरली जाते. तेव्हा हा आकडा सुमारे ८९ किलो कार्बन डायऑक्साइडइतका होतो. सतत पाणी साचलेल्या भातात हे प्रमाण कमी असते (तेथे मिथेनचा प्रश्न वेगळा आहे). शेत आळीपाळीने ओले व कोरडे होते, तेव्हा नत्रीकरण व विनत्रीकरण या दोन्ही क्रिया लागोपाठ घडतात आणि हा वायू अधिक सुटतो.

येथील जमिनींचा सामू बहुधा ७.५ च्या वर आणि सेंद्रिय कर्ब कमी. अशा जमिनीत साचलेल्या पाण्यावर फेकलेल्या युरियाचा मोठा भाग अमोनिया होऊन उडतो. दिवसा पाण्यातील शेवाळ कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, पाण्याचा सामू आणखी चढतो आणि ही हानी दुपारी सर्वाधिक होते. पिकाच्या वाट्याला बहुधा निम्म्याहूनही कमी नत्र येते.

आम्लतेचा परिणाम या जमिनींत डोळ्यांना दिसत नाही. नत्रीकरणात आम्ल निर्माण होते. पण चुनखडी ते शमविते व स्वतः विरघळताना कार्बन डायऑक्साइड सोडते. सामू जागच्या जागी राहतो आणि शेतकऱ्याला वाटते, जमिनीला काही झालेले नाही. महाराष्ट्रातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनींनाही हे लागू आहे, हे उसाला हात सैल सोडून युरिया देणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

न उडालेले जादा नत्र पिकाने घेतले तर नुकसान टळते, असा एक समज आहे. कीटकशास्त्राचा अनुभव याच्या उलट आहे. जादा नत्राने भाताच्या रसातील अमिनो आम्ले वाढतात. या रसावर पोसलेल्या तपकिरी तुडतुड्यांची पिले अधिक संख्येने जगतात व माद्या अधिक अंडी घालतात. गर्द पालवीमुळे बुंध्याशी सावली व दमटपणा राहतो, आणि हा कीटक नेमका तेथेच वस्ती करतो. पाने गुंडाळणारी अळी व करपा रोगही अशा पिकावर बळावतात. मग फवारणी होते. पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकांनी कोळी व मिरिड ढेकूण हे तुडतुड्यांचे शत्रूच आधी मरतात व तुडतुडे पुन्हा उसळतात.

पानिपत बासमतीचा जिल्हा असल्याने येथे प्रश्न बाजारपेठेचाही आहे. करप्यावर वापरल्या जाणाऱ्या ट्रायसायक्लॅझोलच्या अवशेषाची मर्यादा युरोपीय संघाने २०१८ पासून किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. युरियाच्या एका जादा गोणीची खरी किंमत अनुदानित दरात दिसत नाही, ती पुढील फवारणीत व नाकारल्या जाणाऱ्या मालात दिसते. त्यातच बासमतीच्या उंच पारंपरिक वाणांची नत्राची गरज बुटक्या वाणांपेक्षा पुष्कळ कमी असते. जादा नत्राने ते लोळतात.

२०१५ पासून देशात युरिया निंबोळी तेलाचे आवरण देऊनच विकला जातो. त्यामुळे नत्रीकरण मंदावते. मात्र मात्राच जास्त असेल तर आवरणाचा उपयोग मर्यादित ठरतो. त्यापेक्षा अधिक कामाचे साधन म्हणजे पानांचा रंग तक्ता. त्याची किंमत नगण्य, आणि तरीही तो फार थोड्या बांधांवर दिसतो. लावणीनंतर सुमारे दोन आठवड्यांनी सुरुवात करून दर ७ ते १० दिवसांनी १० निरोगी रोपांवरील सर्वांत वरचे पूर्ण उमललेले पान तक्त्याशी ताडून पाहावे. ते आपल्या अंगाच्या सावलीत पाहावे, उन्हात रंग फिका भासतो. १० पैकी ६ किंवा अधिक पाने त्या वाणासाठी शिफारस केलेल्या छटेपेक्षा फिकी असतील, तरच युरियाचा पुढील हप्ता द्यावा. तो देण्यापूर्वी शेतातील साचलेले पाणी कमी करावे, आणि फुलोरा सुरू झाल्यावर नत्र देणे थांबवावे.