घरातील औषधांची निगा

औषध विकत आणणे सोपे. ते सांभाळणे कठीण. आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात वृद्धांची शुश्रूषा बहुधा घरीच होते. परिचारिकेचे काम तेथे सून, लेक किंवा नातवाकडे येते.

गोळ्यांच्या पट्ट्या कापून एकाच डब्यात टाकण्याची खोड पुष्कळांना असते. कापताना नाव, मुदत व बॅच क्रमांक छापलेला भागच नेमका निघून जातो. २०२५ साली छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, ‘कोल्ड्रिफ’ नावाच्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. ते ०.१ टक्क्याहून अधिक असता कामा नये. तपासणीत चाळीस टक्क्यांहून अधिक निघाले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली याच विषाने दूषित झालेले ग्लिसरीन दिले गेले व चौदा रुग्ण प्राणास मुकले. असे विष कपाटात नीट ठेवल्याने उतरत नाही, हे खरे. परंतु दोषी माल परत मागविला जातो तो बॅच क्रमांकावरून. शिशीवरील कागदच फाटला असेल, तर आपल्या घरातली शिशी त्यांपैकी आहे की नाही, हे कोण सांगणार? म्हणून औषध मूळ वेष्टनातच ठेवावे आणि दुकानदाराकडून पावती अवश्य घ्यावी.

दुसरा शत्रू आपला उन्हाळा. मे महिन्यात पत्र्याखालची खोली भट्टीसारखी तापते. बहुतेक गोळ्यांना तीस अंशांखालील कोरडी जागा लागते. चुलीजवळचा कोनाडा किंवा खिडकी त्यांना मानवत नाही. इन्सुलिनची न उघडलेली शिशी २ ते ८ अंशांत ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे; गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे. वापरात असलेली शिशी सावलीत, थंड जागी साधारण चार आठवडे टिकते. नेमकी मुदत सोबतच्या कागदावर पाहावी व उघडल्याची तारीख शिशीवर लिहावी. वीज गेली, तर ओले फडके गुंडाळलेल्या मडक्यात झाकणबंद डबी ठेवावी. डबीत पाणी शिरू देऊ नये.

औषध देणारा माणूस शक्यतो एकच असावा. दिल्याबरोबर वहीत खूण करावी. नाहीतर सकाळी सुनेने दिलेली रक्तदाबाची गोळी दुपारी लेक पुन्हा देते. पातळ औषध शिशीबरोबरच्या मापानेच द्यावे. घरोघरचे चमचे लहानमोठे असतात.

रमजानचे रोजे असोत की एकादशीचा उपवास, मधुमेही वडीलधाऱ्यांच्या औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच बदलून घ्याव्यात. सहरीला दोन वेळांच्या गोळ्या एकदम घेतल्यास दिवसा साखर एकाएकी उतरून शुद्ध हरपण्याचे भय असते.