कोड्यात चालायचं कसं?

प्रश्न : मुलगा सहावीत आहे. सुडोकू, बुद्धिबळ, शिष्यवृत्तीची बुद्धिमत्ता चाचणी यांत रमतो. पण मैदानाचं नाव काढलं की त्याच्या पोटात दुखतं. शाळेत अशा मुलांसाठी शनिवारचा खास वर्ग असतो, तिथेही सगळं बसूनच चालतं. खेळ आणि कोडी एकत्र करता येतील का? – एक पालक, सांगली

उत्तर : येतील. पण हल्ली बऱ्याच शिबिरांत करतात तसं नको. तिथे मुलं मैदानाला एक फेरी मारतात, चिठ्ठीतलं गणित सोडवतात, पुन्हा फेरी मारतात. यात धावणं म्हणजे गणितावर बसवलेला दंड होतो, आणि तुमच्या मुलाला ते पहिल्या मिनिटात कळेल. पाय हलल्याशिवाय सुटणारच नाही, असं कोडं हवं.

एक सांगतो. फक्कीने एका रांगेत सात चौकोन आखा. डावीकडच्या तीन चौकोनांत तीन मुलं, उजवीकडच्या तीन चौकोनांत तीन, तोंडं मधल्या रिकाम्या चौकोनाकडे. दोन्ही बाजूंनी जागांची अदलाबदल करायची. समोरचा चौकोन रिकामा असेल तर एक पाऊल पुढे जायचं. समोर दुसऱ्या बाजूचा गडी असेल आणि त्याच्या मागची जागा रिकामी असेल, तर त्याला वळसा घालून तिथे उभं राहायचं. मागे फिरायचं नाही. हे जुनं ‘बेडकांचं’ कोडं. नाणी मांडून टेबलावरही सुटतं. पण टेबलावर एकटा हुशार मुलगा ते गुपचूप सोडवतो आणि विषय संपतो. इथे त्याच्या मनातली चाल दुसऱ्या पाच जणांनी चालायची असते. एकाच बाजूचे दोघे घाईने लागोपाठ मध्ये घुसले की सगळेच अडकतात, पुन्हा पहिल्यापासून मांडामांड. मग ओरडाआरडा होतो, ‘तू थांब, आधी ती येऊ दे’ सुरू होतं. नीट जमलं तर 15 चालींत काम होतं.

खरी गंमत त्यानंतर. एकास एक असेल तर 3 चाली, दोनास दोन 8, तिघांस तीन 15, चौघांस चार 24. प्रत्येक आकड्यात एक मिळवून पाहायला सांगा. इथवर आलेला मुलगा ‘असं का होतं?’ हे विचारल्याशिवाय राहत नाही, आणि त्यासाठी तो स्वतःहून पुन्हा चौकोनात जाऊन उभा राहतो.

खरं तर नवं काही शोधायलाच नको. खो-खो हे पळतं कोडंच आहे. आठ गडी ओळीत, एकाआड एक उलट तोंडांनी बसलेले; पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की टोकाचा खांब गाठेपर्यंत मागे वळायचं नाही, मधली रेघ ओलांडायची नाही. पळणाऱ्याला मात्र दोन गड्यांमधून कुठूनही निसटायची मुभा. मग खो आता द्यायचा की एक जागा सोडून? खांबापर्यंत जायचं की आधीच? चपळ मुलं हे अंगानेच ओळखतात. तुमच्या मुलाला आधी ओळीबाहेर बसवून वहीत चाली टिपू द्या, पुढच्या डावात खो द्यायला बसवा. पळायला लगेच लावू नका.

चेसबॉक्सिंग नावाचा प्रकारही आहे. ईप रुबिंग या डच कलाकाराने 2003 मध्ये तो रिंगणात आणला : एक फेरी बुद्धिबळाची, एक ठोशांची. धापा टाकत पटावर बसायचं, ही कल्पना मला आवडते. मुलांसाठी ठोसे वगळा. दोरीवरच्या तीस उड्या मारून आलं की एक चाल, एवढं पुरे.

आणि त्या पोटदुखीबद्दल. वर्गात नेहमी पहिला येणारा मुलगा मैदानावर साधारण असतो, आणि साधारण असण्याची त्याला सवय नसते. म्हणून सुरुवातीला गुण, क्रमांक, बक्षीस काही ठेवू नका. बेडकांच्या कोड्यासाठी फक्की नसेल तर पोत्याचे सात तुकडे अंथरा. पावसाळ्यात गच्चीच्या जिन्याखाली खडूच्या रेघाही चालतात.