बँकेचा विमा आणि दुकानातला माल

सोलापुरातल्या कुठल्याही छोट्या दुकानदाराला विमा आहे का म्हणून विचारा, बहुतेक वेळा एकच उत्तर येतं, ‘बँकेनं काढलाय की.’ आमच्याकडेही हेच उत्तर होतं. कॅश क्रेडिट खात्यातून वर्षातून एकदा हप्ता कापला जायचा, पासबुकात नोंद दिसायची आणि विषय तिथंच मिटायचा. पॉलिसीचा कागद बँकेच्या फायलीत असायचा, दुकानात कधी आलाच नव्हता. तो आम्ही पहिल्यांदा वाचला तेव्हा खालच्या फळ्यांवरचा सगळा माल भिजून गेला होता.

14 ऑक्टोबर 2020 चा तो पाऊस जिल्ह्यातला माणूस विसरणार नाही. पंढरपुरात कुंभार घाटाजवळची भिंत कोसळून सहा जणांचा जीव गेला. इकडे शहरातल्या सखल भागांत नाल्याचं पाणी शिरलं. आमचं चादरी-टॉवेलांचं दुकान रस्त्यापेक्षा खाली आहे. लॉकडाऊननंतरची पहिली दिवाळी तोंडावर होती, म्हणून गठ्ठे जमिनीपासून रचून ठेवले होते. सुती चादर पावसाच्या पाण्यानं भिजली तर उन्हात वाळते. गटाराचा गाळ मिसळलेलं पाणी लागलं की डाग राहतो, वास राहतो आणि ती चादर पुन्हा गिऱ्हाईकापुढे पसरता येत नाही.

विमा कंपनीनं नेमलेले सर्व्हेअर आले. शांत, कामाचे गृहस्थ होते. ‘मालक, भिजलेला माल फेकला नाहीत हे बरं केलंत,’ एवढं म्हणून त्यांनी स्टॉकचं रजिस्टर, खरेदीची बिलं आणि बँकेला दिलेलं त्या महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट मागितलं. मग कागदावर हिशेब मांडला. दुकानात त्या दिवशी खरेदीच्या भावानं सुमारे 18 लाखांचा माल होता. त्यातला 5 लाखांचा भिजला. डागी माल विकून लाखभर रुपये येतील, ते वजा केले की खरं नुकसान 4 लाखांचं. पॉलिसी मात्र 9 लाखांची निघाली, कारण आमची कर्जमर्यादा 9 लाखांची होती. 18 लाखांच्या मालावर 9 लाखांचा विमा, म्हणजे निम्मा. म्हणून भरपाईही निम्मी, 2 लाख. त्यातून पॉलिसीत ठरलेला आमचा हिस्सा वजा झाला आणि उरलेली रक्कम थेट कर्जखात्यात जमा झाली.

‘अहो, नुकसान चार लाखांचं आणि विमा नऊ लाखांचा. मग पूर्ण पैसे का नाहीत?’ हा प्रश्न आम्ही विचारला, आणि आजही बाजारात तो कोणी ना कोणी विचारतोच. उत्तर पॉलिसीतल्या सरासरीच्या अटीत आहे, ज्याला विमावाले ‘ॲव्हरेज क्लॉज’ म्हणतात. दुकानातल्या सगळ्या मालापैकी जेवढ्या भागाचा हप्ता भरलेला असतो, नुकसानीचा तेवढाच भाग कंपनी देते. नुकसान लहान असो की मोठं, प्रमाण तेच लागतं. यात कंपनीनं लबाडी केली नव्हती, सर्व्हेअरनंही नाही. अट छापील होती.

बँकेचंही तिच्या जागी चुकलं असं म्हणता येत नाही. बँक विमा काढते तो तिचं कर्ज बुडू नये म्हणून. पॉलिसीवर बँकेच्या नावाचं कलम असतं आणि भरपाई आधी तिच्याकडे जाते. कर्ज 9 लाखांचं, तर तिची काळजी 9 लाखांपाशी संपते. वरचा 9 लाखांचा माल दुकानदाराच्या घामाचा, त्याची काळजी दुकानदारानंच करायची असते. विम्याची रक्कम आपल्या फळ्यांवरच्या मालावरून ठरली पाहिजे, कर्जाच्या मर्यादेवरून नाही. मी हे ओळखीच्या प्रत्येक दुकानदाराला पोटतिडकीनं सांगतो. बँकेनं काढलेली पॉलिसी राहू द्या, पण तिची रक्कम वाढवून घ्या, किंवा बँकेला लेखी कळवून स्वतः पुऱ्या रकमेची पॉलिसी काढा आणि बँकेचं नाव तिच्यात घाला. तो तुमचा हक्क आहे.

पुरी रक्कम म्हणजे किती, हे वर्षातल्या सगळ्यात भरलेल्या दिवसावरून काढायचं. आमच्या धंद्यात तो दिवस दिवाळीच्या आधी येतो, कुणाचा लग्नसराईत येतो, खेळणी-भांडीवाल्यांचा जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या सुमारास येतो. मार्चअखेरचा ताळेबंद बघून रक्कम लिहिली की हंगामात ती अपुरी पडते, आणि आग किंवा पाणी हंगाम बघून येत नाही. माल खरेदीच्या भावानं धरायचा, कारण कंपनी विक्रीचा नफा देत नाही. फर्निचर, शटर, काउंटर, संगणक, शिलाई यंत्रं ही मालाच्या रकमेत कोंबायची नाहीत, त्यांची रक्कम वेगळी लिहून घ्यायची. गोदाम दुसऱ्या गल्लीत असेल तर त्याचा पत्ता पॉलिसीवर हवाच. पत्ता नसलेल्या जागेतल्या मालाला भरपाई मागता येत नाही.

आमच्या वेळेनंतर एक चांगला बदल झाला आहे. विमा नियामक प्राधिकरणानं 1 एप्रिल 2021 पासून छोट्या धंद्यांसाठी एकसारख्या अटींची पॉलिसी आणली, ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’. एका ठिकाणची विमायोग्य मालमत्ता 5 कोटींपर्यंत असेल तर ही लागू होते. त्यावर 50 कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ आहे. या पॉलिसीत विम्याची रक्कम 15 टक्क्यांपर्यंत कमी पडली तरी सरासरीची कात्री लागत नाही. आमच्यासारखी निम्मी कमी असेल तर मात्र लागतेच. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दंगल, पाण्याची टाकी फुटणं हे सगळं तिच्यात मुळातच येतं. पूर आपल्याकडे कुठला, असं म्हणायचे दिवस आता राहिले नाहीत. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला आलेल्या पुरानं माढा, मोहोळ, करमाळ्याची गावं पाण्यात गेली आणि लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला होता.

चोरीबद्दल मोठा गैरसमज आहे. आग किंवा पूर आल्यावर त्या गोंधळात सात दिवसांच्या आत चोरी झाली तर ही पॉलिसी देते. एरवी रात्री कुलूप तोडून माल नेला तर देत नाही. त्यासाठी घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो, किंवा दुकानदारांसाठीची एकत्रित पॉलिसी, जिच्यात आग, घरफोडी, गल्ल्यातली आणि बँकेत नेताना वाटेतली रोकड, काच, नावाची पाटी, नोकराची अफरातफर अशी कलमं गरजेप्रमाणे निवडता येतात. घरफोडीच्या कलमाला कुलूप-शटर तोडल्याच्या खुणा लागतात. गर्दीत गिऱ्हाइकानं साडी पिशवीत घातली तर ते यात बसत नाही. सगळीच कलमं घेण्याची गरज नाही. किराणा दुकानाला रोकडीचं कलम उपयोगी, काचेचं फारसं नाही. मोबाइलच्या दुकानाला घरफोडीचं कलम सोडून चालणार नाही.

सेवेचा धंदा करणाऱ्यांसाठी थोडं थांबून सांगतो, कारण त्यांचं नुकसान कुणी मोजत नाही. शिंप्याकडे लग्नाचे कपडे शिवायला आलेले असतात, ड्रायक्लीनरकडे दुसऱ्यांचे शालू, मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गिऱ्हाइकांचे फोन. हा माल त्याचा नाही. पॉलिसीत ‘ग्राहकांचा, विश्वासानं ठेवलेला माल’ असं स्पष्ट लिहून घेतलं नसेल तर त्याची भरपाई मिळत नाही, आणि गिऱ्हाईक तर दारात उभं राहतंच. दुसरी गोष्ट यंत्राची. शॉर्टसर्किट ज्या यंत्रात झालं त्याच यंत्राचं नुकसान आगीच्या विम्यात येत नाही, तिथून पसरलेल्या आगीचं येतं. फ्रीझर किंवा भरतकामाच्या यंत्रावर पोट असेल तर यंत्रबिघाडाचं वेगळं कलम विचारा.

जीएसटीचा एक मुद्दा आमच्या करसल्लागारांनी दाखवला नसता तर कळला नसता. माल जळाला, भिजून नष्ट झाला किंवा चोरीला गेला की कायद्याच्या कलम 17(5) नुसार त्या मालावर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट परत करावं लागतं. म्हणजे मालही गेला आणि वर कर भरायचा. विम्याची रक्कम ठरवताना हा कर धरूनच किंमत लावा आणि तसं पॉलिसीवर लिहून घ्या.

आता स्टॉक स्टेटमेंट. हे सांगताना मला खरोखर काळजी वाटते, कारण बाजारात याकडे निव्वळ बँकेचा सोपस्कार म्हणून पाहिलं जातं. मर्यादा पुरी वापरायला मिळावी म्हणून काही जण माल फुगवून लिहितात, काही जण मागच्या महिन्याचाच आकडा पुढे ओढतात. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर तेच स्टेटमेंट रजिस्टरशी, खरेदीच्या बिलांशी आणि जीएसटी विवरणपत्रांशी जुळवतो. आकडे जुळले नाहीत तर खऱ्या नुकसानीवरही संशय येतो. आमचे आकडे जुळले म्हणून निदान निम्मे पैसे वादाशिवाय मिळाले. बिलांचे आणि रजिस्टरचे फोटो घरी किंवा मोबाइलच्या क्लाउडवर ठेवा. दुकानासोबत वह्या भिजल्या तर पुरावाही भिजतो.

कंपनीपासून काही लपवू नका. 18 मे 2025 च्या पहाटे अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत मालकाच्या आणि कामगाराच्या कुटुंबातले मिळून आठ जण गेले. ती माणसं तिथंच राहत होती. आपल्या पूर्व भागात खाली माग नाही तर दुकान आणि वर संसार, ही रीत जुनी आहे. वर स्वयंपाकघर असेल, मागं सूत किंवा रसायन साठवलेलं असेल, तर ते प्रस्ताव अर्जात लिहा. हप्ता थोडा वाढेल, पण पुढे ‘माहिती दडवली’ म्हणून क्लेम नाकारायला जागा उरणार नाही. कामाला माणसं असतील तर त्यांच्या अपघाताच्या भरपाईची पॉलिसी वेगळी असते, तीही घ्या. आणि विम्याच्या आधी बाहेर पडायला दुसरा दरवाजा आहे का, ते बघा.

नुकसान झालंच तर त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा, आगीत अग्निशमन दलाचा दाखला, चोरीत एफआयआर घ्या. सरकारी पंचनामा मदतीसाठी असतो, तो विम्याच्या सर्व्हेची जागा घेत नाही. भिजलेला माल वेगळा करा, फोटो काढा, पण सर्व्हेअर येईपर्यंत विकू किंवा फेकू नका. नियामकाच्या 2024 च्या सूचनांनुसार सर्व्हेअर 24 तासांत नेमायचा असतो. कंपनीचा निर्णय पटला नाही तर आधी तिच्याच तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. एकट्याच्या मालकीची दुकानं आणि सूक्ष्म उद्योग यांच्या तक्रारी ते ऐकतात, फी नाही, वकील लागत नाही. सोलापूरसाठीचं त्यांचं कार्यालय पुण्याला आहे.

आज आमची पॉलिसी दिवाळीच्या भरलेल्या मालाच्या रकमेची आहे, गोदामाचा पत्ता तिच्यावर आहे, आणि प्रत दुकानात आहे. तुमच्या पॉलिसीची प्रत तुमच्याकडे नसेल तर उद्याच बँकेत अर्ज देऊन मागून घ्या, आणि रकमेच्या रकान्यातला आकडा स्वतःच्या फळ्यांपुढे उभं राहून वाचा.